भेकरांसाठी कुळीथ

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची ये-जा चालू आहे. जो येतो तो तेच सांगतो. मधुकर साधा माणूस, पोटात काही न ठेवणारा. मी चहाचा कप पुढे करते, मान हलवते आणि मनात म्हणते, यांना काय माहीत? तुमच्या पोटात काय होतं ते मला इतक्या वर्षांत नीट कळलं नाही, तर तुमच्या पॉवरलूमवरच्या सोबत्यांना आणि समोरच्या चाळीतल्या बायकांना कुठून कळणार?

रागावू नका. तुम्ही असतानाही मी अशीच बोलत होते. तुम्ही म्हणायचात, "सुमन, तुला सगळ्यांवर संशय." मी म्हणायचे, घरात एकाला तरी संशय यायला नको का? लूमच्या खडखडाटात त्यांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करून तुमचे कान अर्धे गेले होते. एखादी गोष्ट तुम्हाला ऐकू आली नाही की ऐकून घ्यायची नव्हती, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. हादेखील एक संशयच, आणि तो तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

पहिला संशय तुमच्या शर्टाच्या खिशातून निघाला होता. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. भिवंडीतले लूम शुक्रवारी बंद, म्हणून तुमची सुट्टी शुक्रवारची. तुम्ही सकाळी आंघोळ करून "आईला बघून येतो" म्हणायचात आणि गावची, दिघाशीची एसटी पकडायचात. मला वाटायचं, काय मुलगा आहे. मग एकदा सासूबाई डोळे दाखवायला आपल्याकडे आल्या. मी म्हटलं, "आता या शुक्रवारी त्यांची खेप वाचली." तर त्या म्हणाल्या, "कसली खेप गं? उभ्याउभ्या येतो, चाय पितो न् जातो. खय जातो त्यालाच ठावं."

त्यानंतर तुमचे कपडे धुताना मी खिसे उलटे करायला लागले. तिकिटं निघाली, बिडीचा चुरा निघाला, आणि एकदा चवळीचे दाणे निघाले. आपल्याच डब्यातले. पुढच्या आठवड्यात डबा बोटभर खाली गेलेला. दुसऱ्या बाईकडे जाणारा नवरा गजरा नेतो, फार तर साडी नेतो. चवळी कोण नेतं? पण संशयाला एकदा पाय फुटले की तो असलं काही विचारत नाही. मी ठरवलं, असेल एखादी गरीब. धान्य पोचवत असतील.

एका शुक्रवारी मी शिकवत होते त्या बालवाडीतल्या मुलांना लवकर सोडून मी तुमच्या मागच्या गाडीने दिघाशीला आले. तुमच्या घरी गेलेच नाही. रस्त्यातच जाऊबाई, तुमच्या काशिनाथदादांची बायको, भेटल्या, डोक्यावर गवताचा भारा. त्यांना विचारलं तर त्यांनी नुसती मान वर केली आणि डोंगराच्या बाजूला दाखवलं. म्हणाल्या, "वरच्या रानात. दुसरा खय?"

तुमच्या वाटणीचं ते वरकस रान मी लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. गावाची चांगली भाताची जमीन खाली, ओढ्याच्या काठाला. आपल्या बौद्धवाड्यातल्या लोकांच्या वाट्याला नेहमी आली ती वरची, दगडगोट्यांची, जंगलाला चिकटलेली. तिथे तुम्ही एका ऐनाच्या झाडाखाली उकिडवे बसला होता, पाठ माझ्याकडे. समोर चारी बाजूंनी काट्याकुट्यांचं कुंपण आणि आत चवळीचा हिरवा तुकडा. मी जवळ येऊन उभी राहिले तरी तुम्हाला चाहूल नाही. मग सावली पडली तेव्हा वळलात. दचकला नाहीत. तेच मला जास्त खुपलं.

"बस," तुम्ही म्हणालात. "हळू बोल."

"कुणाची वाट बघताय?"

"भेकराची."

हरणाच्या जातीतलं ते बुजरं जनावर. मी चारी बाजूंना नजर फिरवली. एखादी बाई झाडाआड असती तर मला कमी आश्चर्य वाटलं असतं.

"भेकराचं काय करायचं?"

"बघायचं."

"बघून?"

 तेवढ्यात खालच्या बांधावरून बाळारामशेठ गेला. खालची ओढ्याकाठची सगळी जमीन त्याची, आणि गावात बंदुकीचं लायसन असलेला तो एकटाच. रानडुकरं पिकात येतात म्हणून घेतलेलं. त्याने हात वर केला आणि हसून विचारलं, "काय वायरमन, आला का गिऱ्हाईक?"

झालं. एक संशय गेला आणि दुसरा त्याच्या जागी येऊन बसला. चारा तुमचा आणि बंदूक त्याची. जंगलातल्या जनावराला कुणी कौतुकाने जेवायला बोलावतं यावर माझा विश्वास बसेल अशी मी बाई नव्हते. परतीच्या गाडीत मी तुम्हाला स्पष्ट विचारलं, "मटणात तुमचा वाटा किती?" तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. भिवंडी यायला लागली, लूमचा आवाज सुरू झाला, तेव्हा तोंड उघडलंत.

"लहानपणी बा मला त्याच रानात बसवायचा," तुम्ही म्हणालात. "हातात पत्र्याचा डबा. नाचणीत भेकर शिरलं की डबा बडवायचा आणि दगड घेऊन धावायचं. दोन पावसाळे बसलो. एकदा एक भेकर उभंच राहिलं. पळालं नाही. बघत राहिलं माझ्याकडे. मी दगड मारला. लागला." हातातलं तिकीट बोटाभोवती गुंडाळलंत. "लहानपणी हाकलली. आता बोलवून बघतो, येतात का."

हे ऐकून मी गप्प झाले असं तुम्हाला वाटलं असेल. मी गप्प झाले, पण खरं मानलं नव्हतं. इतकी सरळ गोष्ट कुणाच्या मनात असते का? पण ती खोटी ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून पुढच्या शुक्रवारी मीही तुमच्याबरोबर आले. तुम्ही म्हणालात, "तुलाही आवडलं वाटतं." मी नजर ठेवायला येत होते. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

आणि आल्यावर मला कळलं की तुम्हाला शेतीतलं काही कळत नाही. मोटारीचं वाइंडिंग डोळे मिटून करणारा माणूस, पण पावसाळ्यात चवळी पेरून भेकराची वाट बघत होता. मी वाडा तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. मी म्हटलं, "भरल्या रानातून ते तुमच्या चवळीला कशाला येईल? आत्ता जंगलातच सगळं हिरवं आहे. त्याला भूक लागते मार्गशीर्षानंतर, गवत वाळलं की. तेव्हा तुमची चवळी कुठे असेल?"

"कुठे असेल?"

"वाळून गेलेली."

तुम्ही डोकं खाजवलंत. मग कुठलं पीक तेव्हा हिरवं असतं? वाल. भात कापून झालं की खाली ओलीवर बाळारामशेठचा वाल उगवायचा आणि भेकरं खरोखरच तिकडे उतरायची. तिथे त्याची बंदूक. तुमचा सगळा डाव मला त्या दिवशी कळला. नुसतं बोलवायचं नव्हतं. वालाच्या आधी, वालाहून गोड असं काही वरच पुढ्यात ठेवायचं होतं, म्हणजे ते खाली उतरणारच नाही. हे तुम्ही बोलला असता तर माझे किती शुक्रवार वाचले असते. पण नाही. ते मी ताडायचं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही हट्टाने हरभरा टाकलात. त्या दगडात ओल कुठली? निम्मा उगवलाच नाही, उरलेला सशांनी कात्री लावल्यासारखा कातरला. तिसऱ्या वर्षी मका. ओढ्यावरून हंडे आणून तुम्ही पाणी घातलंत, पोटऱ्या दुखेपर्यंत. मका आला आणि त्याच्या वासाने रानडुकरांचा कळप आला. एका फेरीत मका लोळवला आणि जाताना खालचा वालही उकरून गेला. बाळारामशेठ बांधावर उभा राहून बोलला ते आपण दोघांनी ऐकून घेतलं. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आता ज्वारी टाकतो. चाऱ्याची, कडवळ."

"त्यांना बोलवायचंय की मारायचंय?" मी विचारलं.  मग मी सांगितलं, पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी विषारी होते. माझ्या बाबांचा बैल तशी ज्वारी खाऊन दावणीलाच पडला होता. तुम्ही दुकानातून आणलेली बियाण्याची पिशवी तशीच परत केलीत. त्या दिवशी तुमचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस खोटं बोलत नसावा. नसावा, एवढंच. पुढे गेले नाही.

माझं म्हणणं होतं, झाडं लावा. उंबर, आवळा, बेहडा. भेकर खाली पडलेलं फळ खातं, आणि झाडाला एकदा मूळ धरलं की पाणी लागत नाही. तुम्ही म्हणायचात, "झाडं वाढेपर्यंत ते खाली उतरून मरेल." मी म्हणायचे, "ते मरेल, त्याची पोरं खातील." हा वाद आपला संपला नाही. दरवर्षी पेरणीला निघायचा. मी गुपचूप कुंपणाच्या कडेला तीन आवळे टोचले होते. तुम्ही ते बघितले होते की नाही, देव जाणे. पाणी कुणीतरी घालत होतं एवढं खरं. मी घालत नव्हते.

शेवटी कुळीथ चालला. तो माझा नाही, सासूबाईंचा सल्ला. म्हणाल्या, "कुळीथ टाक. भादव्यात टाकलास तं पानी मागीत न्हाय, थंडीपात्तुर हिरवा." तसंच झालं. खालचं गवत पिवळं पडलं, वाल अजून दोन पानांवर होता आणि वरच्या दगडात तुमचा कुळीथ वेलासारखा पसरला होता. एका शुक्रवारी सकाळी गेलो तर कडेच्या ओळीचे शेंडे खुडलेले. मातीत लहान लहान खूर, बोटाएवढे. तुम्ही तिथे गुडघ्यावर बसलात आणि खुरावर तळवा ठेवलात. मला वाटलं ससा असेल. तुम्ही म्हणालात, "सशाला खूर असतात का गं?"

कुंपण त्याच साली पक्कं केलंत. गावातल्या शेळ्या आणि गुरं कुळथात शिरत होती. तुमच्या लूमशेजारच्या गॅरेजमधून स्कूटरच्या जुन्या क्लचवायरचं बंडल आणलंत, बांबू बांधायला. आणि खाली, जमिनीलगत, भेकर वाकून शिरेल एवढ्या फटी ठेवल्यात. मी तेव्हाच म्हटलं होतं, "जो कुणी हे बघेल तो म्हणेल की इथे फास लावायचाय." तुम्ही हसलात.

दादांना मात्र हसू येत नव्हतं. काशिनाथदादा तुमचे मोठे भाऊ. वडिलांच्या माघारी त्यांनीच घर ओढलं, तुम्हाला शिकायला भिवंडीत ठेवलं. मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. डोक्यावर पदर घेऊन दाराआडून बोलायची ती वेळ. दाराआडूनच मी त्यांना तुमच्याशी बोलताना ऐकलं होतं.

"मधू, बस कर हा आता. जनावरा यायला लागली का जंगलखात्याचा मानूस येतो. आज बोलंल, जनावरा हायत. उद्या बोलंल, मंग हा जंगलच हाय. आपली जमीन कागदावर कच्ची. एकदा हद्दीचा खांब गाडला का गेली."

"असं काही होत नाही, दादा."

"तुला भिवंडीत बसून काय म्हाईत?"

मला विचाराल तर त्यांचं भय खोटं नव्हतं. आपल्या लोकांची जमीन कधी कशी जाईल याचा भरवसा कुणी दिला होता? पण तुम्ही ऐकलं नाहीत, आणि शेजारी दारात उभ्या असलेल्या जाऊबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी लक्षात ठेवली.

त्याच मार्गशीर्षात ते झालं. त्या शुक्रवारी तुम्ही एकटेच गेला होता. मी बालवाडीत असताना लूमवरचा एक सोबती धापा टाकत आला. म्हणाला, "भाभी, मधुकरभाई को जंगलवाले ले गये." मी तशीच स्टँडवर गेले. दिघाशीत उतरेपर्यंत मला सगळं लोकांच्या तोंडून कळलं होतं. तुमच्या कुंपणाच्या फटीत फास होता, फासात भेकराची मादी मेलेली, आणि फास क्लचवायरचा. तुम्ही सकाळी पोचलात, तिला सोडवायला वाकलात आणि त्याच वेळी गार्ड वरून उतरला. हाताला रक्त, खिशात पक्कड.

आधी तुमच्या घरी गेले. दादा खळ्यावर भात झोडत होते. सख्ख्या भावाला पकडून नेलंय आणि हे भात झोडतायत. माझ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. जाऊबाईंनी न विचारता ताट वाढलं. सासूबाई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसलेल्या. कुणी म्हणत नव्हतं की मधूने हे केलं नसणार. कुणी असंही म्हणत नव्हतं की कुणी केलं. मी ताटावरून उठले.

जंगलखात्याच्या ऑफिसात तुम्ही बाकावर बसला होता. गार्ड मला म्हणाला, "बाई, आत चारा, भोवती कुंपण, कुंपणाला फट, फटीत फास. वायर यांचीच. आता मी काय समजायचं?" त्याच्या जागी मी असते तर तेच समजले असते. खरं सांगते, क्षणभर मी तेच समजले. तुमच्याजवळ येऊन मी हळू विचारलं, "तुम्ही बोलावलंत ना तिला? यासाठीच ना?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर मला अजून सोडत नाही. रागाची नव्हती. तुम्ही थकला होता. म्हणालात, "तिच्या पोटात पिल्लू होतं." आणि पुन्हा जमिनीकडे बघायला लागलात. त्यानंतर मी तुम्हाला त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. माझा तुमच्यावरचा संशय त्या बाकावर मेला. बाकीच्यांवरचा तिथेच दुप्पट झाला.

पहिला आला बाळारामशेठ. म्हणजे मनात आला. त्याच्याशिवाय कुणाचा फायदा? आणि दुपारी तोच ऑफिसच्या दारात उभा. मी मनात म्हटलं, आला बघायला. तो सरळ गार्डसमोर गेला. "साहेब, ह्यो मानूस मारनारा न्हाय. मी मारीन, मी सांगतो तुमाला. माझी बंदूक इलेक्शनपायी पोलीस ठान्यात जमा हाय, ती जमा नसती तं मी मारला असता. ह्यो माझ्याशी भांडतो भेकरापायी. याच्या कुळथामुले यंदा माझा वाल वाचला. याला सोडा."

गार्डने तुम्हाला संध्याकाळी सोडलं, पण ताकीद देऊन, आणि पुढे कित्येक शुक्रवार तो रानाच्या कडेला येऊन उभा राहायचा. त्याचा संशय गेला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, त्याचं कामच ते. वाटलं ते तुमचं. एसटीत मी तुम्हाला म्हटलं, "दादांनी लावला."

"काहीतरी बोलू नकोस."

"वायरीचं उरलेलं बंडल त्यांच्या पडवीत होतं. जमिनीची भीती त्यांना होती. तुम्हाला सोडवायला आले का ते?"

"भाताची झोडणी होती."

"अहो..."

"सोड," तुम्ही म्हणालात. तो शब्द मी त्यानंतर किती वेळा ऐकला. दिवाळीला, भाऊबीजेला, सासूबाई गेल्या तेव्हा, दादा आपल्याकडे चार दिवस राहून गेले तेव्हा. मी म्हणायचे, त्यांनीच ना? तुम्ही म्हणायचात, सोड. मला वाटायचं तुम्ही भोळे. कधी वाटायचं भित्रे. भावापुढे मान वर करायची हिंमत नाही, म्हणून सगळ्या गावात चोर ठरून घेतलंत. कुळीथ मात्र दरवर्षी टाकत राहिलात. त्या शुक्रवारनंतरही. कुंपणाच्या सगळ्या फटींतून आधी हात फिरवायचात, मग ऐनाखाली बसायचात. त्यानंतर भेकर आलं ते मी स्वतः पाहिलं. एका दुपारी तीन वेळा कुळथातून मान वर काढून त्याने आपल्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागलं. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की बांगडी रुतली. ते मी तुमच्यापाशी कधी बोलले नाही. त्या दुपारसाठी तुमचे किती उपकार मानावे ते मला तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर आपण रॉकेलच्या रांगेवरून भांडत राहिलो.

परवा तुमचा जलदान विधी झाला. माणसं पांगली. दादा मात्र थांबले. पडवीत बसून राहिले, शेजारी एक पिशवी. आता ते थकलेत, काठी घेऊन चालतात. मी लगेच ओळखलं, जमिनीची गोष्ट काढणार. भिवंडीजवळच्या पूर्ण्याकडे गोदामं उठायला लागल्यापासून आपल्या तालुक्यात ज्याच्या त्याच्या पडवीत कुणीतरी कागद घेऊन बसतोय. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. मी सही करणार नाही.

"सुमन," ते म्हणाले. त्यांनी माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "भादवा लागंल आठ दिसांत. यंदा वरच्या रानात काय टाकायचा?"

 पिशवीचं तोंड त्यांनी उघडलं. कुळीथ. चाळून, खडे काढून, निवडलेला. मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? वाटलं, आता यांचा कुठला नवा डाव? तुम्ही असता तर म्हणाला असता, सोड. पण तुम्ही नव्हता. म्हणून मी पदर खांद्यावर टाकला आणि विचारलं.

"दादा, फास तुम्ही लावला होता ना?"

 पावसाळी दमट हवेत घामेजलेला चेहरा त्यांनी पंच्याने पुसला. मग म्हणाले, "हां."

मला वाटलं होतं हे ऐकल्यावर मला बरं वाटेल. इतकी वर्षं मीच बरोबर होते. पण काही वाटलं नाही. 

"जमिनीपायी," ते म्हणाले. "मला वाटला एखादा मेला का बाकीचे येयाचे न्हायत. जंगलवाले येयाचे न्हायत. त्याला धरतील हा न्हाय ध्यानात आला. मी खळ्यावर व्हतो, मला येता आला न्हाय. म्हंजे येता आला असता. न्हाय आलो."

"त्यांना माहीत होतं?"

दादा काठीच्या टोकाने फरशी उकरत होते. "सुटला त्या दिशी तू खाली स्टँडवर थांबलीस. तो घरी आला. बोलला, भूक लागलीय. जेवला माझ्या पंगतीला. जाताना पडवीतला वायरीचा बंडल उचलला, मला वाटला फेकतो का माझ्या अंगावर. त्यानी तो माझ्या हातात दिला. बोलला, दादा, आठवडाभर मी नसतो, कुंपन ढिला झाला तं तूच बांधत जा." ते काठीवर पुढे झुकले. "त्या वर्सापासून मीच बांधतो. तुझ्या आवल्यांना पानी पन मीच घालतो. त्यानी सांगितला व्हता, सुमनला बोलू नको."

मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहिले. तुमच्यावर इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी दरवर्षी विचारत होते, तुम्ही मला संशयी म्हणत होता, आणि तुम्ही त्या माणसाच्या हातात वायर देऊन मोकळे झाला होता. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? दादांना तोंडावर बोलले असते. जाऊबाईंशी बोलणं टाकलं असतं. दोन घरं तुटली असती. म्हणून नाही सांगितलंत, हे मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही. नवरा-बायकोत एवढं तरी असावं की नाही?

काल मी दिघाशीला गेले. शुक्रवार होता. दादा आणि मी वरच्या रानात गेलो. मी पहिलं काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. सगळ्या फटींतून हात फिरवला. दादा लांब उभे राहून बघत होते. मी त्यांना माफ केलेलं नाही, तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "न्हाय केलास तं न्हाय. बी तं टाकू." मग मी ओळी ओढल्या आणि ते मागून कुळीथ सोडत आले, वाकून, एका हाताने काठी धरून.

निम्मं रान झालं असेल. वरच्या पायवाटेने एक नवा गार्ड उतरला. तरुण, कोऱ्या वर्दीतला, आम्हाला न ओळखणारा. त्याने कुंपणाकडे बघितलं, खालच्या फटींकडे बघितलं, मग आमच्याकडे. जुन्या गार्डच्या डोळ्यांत जे होतं तेच याच्याही डोळ्यांत.

"हे कुणाचं रान आहे? आणि या फटी कशासाठी?"

 मी दादांकडे बघितलं. ज्या माणसाला जंगलखात्याच्या खांबाचं आयुष्यभर भय वाटलं, तो काठीवर भार देऊन सरळ उभा राहिला.

"आमचा हाय. माझा न् माझ्या भावाचा," ते म्हणाले. "भेकरांसाठी पेरतो."

गार्डने भुवया वर केल्या. त्याचा विश्वास बसला नव्हता, मला स्पष्ट दिसत होतं. दादांनाही दिसलं असावं. त्यांनी घसा साफ केला आणि तेच पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने.